वर आलेल्यांच्या शिट्ट्या

यांग सुन-दोकने आयुष्यभर कोरियातल्या जेजू बेटाच्या समुद्रात बुड्या मारून शिंपले काढले. पाण्याच्या दाबाने तिचे दोन्ही कान अधू झाले. मग डॉक्टरांनी बुडी बंद केली. नवरा वारला होता, मुलगी सोलला होती. घरात बोलणारा एकच उरला, भात शिजल्याचं सांगणारा कुकर. तोही ऐकू येईना.

बुड्या मारणाऱ्या बायकांची प्रमुख बू ग्योंग-जा म्हणाली, “मावशी, खडकावर बसून पहारा द्या. आमच्यासोबत शेकोटीपाशी जागा मिळेल. पण कोण वर आलं, ते शिट्टीवरून ओळखता आलं पाहिजे. नाहीतर मी खाली अडकायची आणि तुम्ही म्हणायच्या, सगळ्या आल्या!”

वर येताना कोंडलेला श्वास शिट्टीसारखा सुटतो. प्रत्येकीचा निराळा. सुन-दोकला पहाऱ्याचं फारसं काही नव्हतं, शेकोटीपाशी जागा हवी होती.

तिने शहरातून श्रवणयंत्र आणलं. त्यात लाटा ऐकू आल्या, शेजारचा कुत्रा ऐकू आला. शिट्ट्या नाहीत.

“बिघडलेलं दिलंस,” ती दुकानातल्या ह्यॉन जे-इकला म्हणाली.

“बिघडलेलं नाही, आजी. शिट्टीसारखा आवाज आला की यंत्राला वाटतं, आपणच बिघडून शीळ घालतोय. मग ते तो दाबून टाकतं.”

“मग सांग त्याला, आमच्याकडे बायकाच शिट्ट्या मारतात.”

हसत त्याने यंत्रात शिट्ट्यांसाठी वेगळी सोय करून दिली. “पण हे आवाज फक्त पोचवणार. ओळखायला कानालाच शिकवावं लागेल.”

ग्योंग-जाने सुन-दोकच्या फोनवर सगळ्यांच्या शिट्ट्या रेकॉर्ड करून दिल्या, प्रत्येक शिट्टीनंतर तिने स्वतः सांगितलेलं नाव. सुन-दोक डोळे मिटून ऐकायची. सुरुवातीला सगळ्या किटल्याच वाटत. नाव चुकलं की फोनमधली बाई चिडवल्यासारखी म्हणायची, “मावशी, मी मल-इम!” हळूहळू कळलं, मल-इमची शिट्टी मध्येच तुटते. ग्योंग-जाची हुकूम सोडल्यासारखी आखूड.

वसंतात ती खडकावर बसली. धुकं होतं. शिट्टी ऐकून एकेक नाव तिने मोठ्याने पुकारलं. मल-इमला उशीर झाला, तशी ती उभी राहिली. मग ती तुटकी शिट्टी आली.

“मावशी पास!” पाण्यातून ग्योंग-जा ओरडली.

दगडी आडोशात शेकोटी पेटली. लाकडं तडतडत होती, शिंपल्यांवर सुऱ्या घासत होत्या, सगळ्या एकदम बोलत होत्या. यंत्रात त्याचा नुसता गोंगाट झाला. मल-इमने तिच्या गुडघ्यावर थाप मारून काहीतरी म्हटलं. सगळ्या हसल्या. सुन-दोक उशिरा हसली, आणि थोड्या वेळाने बाहेर खडकावर जाऊन बसली.

ग्योंग-जा मागोमाग आली. “आत तुमची जागा रिकामी आहे.”

“एकेकीचं ऐकायला शिकले. सगळ्यांचं एकदम नाही जमत.”

“मग तेही रेकॉर्ड करून देते.” ती सुन-दोकचा फोन घेऊन आत गेली आणि तो शेकोटीपाशी ठेवला.

संध्याकाळी घरी भात पुढ्यात घेऊन सुन-दोकने तो गोंगाट लावला. बराच वेळ काही हाती लागलं नाही. मग त्यातून मल-इमचा आवाज निराळा झाला: “मावशी कुठे गेल्या?”

कोणीतरी उत्तर दिलं. ते कळलं नाही. तिने पुन्हा लावलं.