वर्षाला अकरा तक्रारी

लेकीला दोन रात्री परगावी राहायचं होतं, एवढीच गोष्ट. पण हॉटेल कुठल्या भागात घ्यायचं हे ठरवायला रजिस्टरने तीन आठवडे लावले.

रजिस्टर हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. एकतीस वर्षं पोलीस ठाण्यात बसून लोकांच्या तक्रारी लिहून घेतल्यावर गावाने ते त्याला चिकटवलं, आणि निवृत्त झाला तरी ते काही सुटलं नाही. माणूस तसा साधा. पण लिहून, रेघ मारून, खाली तारीख घातल्याशिवाय एखादी गोष्ट घडली असं त्याला वाटतच नसे. बायको म्हणायची, "ह्यांना भूक लागली तरी आधी नोंद करतील, मग जेवायला बसतील."

लेक दातांच्या कवळ्या बनवायची. मेणात एकेक दात कोरायचा, रांगेत बसवायचा, हिरडीला रंग द्यायचा. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू तिच्या हातचं होतं. शहरातल्या मोठ्या दंतरुग्णालयात कायमची जागा निघाली, आणि लेखी परीक्षेत ती पहिल्या पाचांत आली. आता राहिलं होतं प्रात्यक्षिक, सहा तासांत एक अख्खी कवळी. वयाची अट पस्तीस, आणि लेकीला पस्तीस पुरी व्हायला दोन महिने होते. म्हणजे ही शेवटची खेप. ही हुकली की जन्मभर गावातल्या त्या कोंदट खोलीत मेण वितळवत बसायचं.

"स्टेशनासमोरच्या बाजारात एक हॉटेल आहे," लेक म्हणाली. "माझी मैत्रीण राहिली होती तिथे. रात्री दहापर्यंत दुकानं उघडी असतात म्हणे."

"माणसांची वर्दळ असलेली बरी," बायको म्हणाली.

"वर्दळ कशाला हवी? खिसेकापूही वर्दळच शोधतो," रजिस्टर म्हणाला. "तुम्ही दोघी ऐकीव गोष्टींवर चालता. मी आकडे मागवतो."

शहरातल्या मुख्य कचेरीत त्याचा एक जुना मित्र होता. त्याला फोन लावून रजिस्टरने प्रत्येक भागाच्या वर्षभरातल्या चोऱ्यामाऱ्यांच्या तक्रारी विचारल्या आणि समोर नकाशा पसरून त्यावर पेन्सिलीने मांडल्या. स्टेशनासमोरचा बाजार, तीनशे बारा. नदीकाठ, एकशे नव्वद. रुग्णालयाचा परिसर, दोनशे सत्तर. आणि जुन्या न्यायालयामागचा भाग, शहराच्या अगदी मध्यावर, रुग्णालयापासून पायी दहा मिनिटं.

"अकरा," मित्र म्हणाला.

"महिन्याला?"

"वर्षाला."

रजिस्टरने त्या अकराभोवती दोनदा वर्तुळ काढलं. मग त्या भागातल्या चार हॉटेलांना फोन करून त्याने खोली कितव्या मजल्यावर आहे, बोळाच्या टोकाला तर नाही ना, खिडकीला गज आहेत का, हे सगळं विचारलं. एका हॉटेलातली बाई शेवटी म्हणाली, "काका, हे हॉटेल आहे, तुरुंग नाही." त्याला ते उत्तर आवडलं. खोली तिथेच घेतली.

निघताना त्याने लेकीला शेवटचा धडा दिला. पर्स खांद्याला लटकवायची नाही, पट्ट्याचे मनगटाला दोन वेढे द्यायचे, म्हणजे कोणाला ओढता येत नाही. लेकीने हसून वेढे देऊन दाखवले. आत तिची कोरायची हत्यारं होती आणि प्रवेशपत्र होतं.

दुपारी चारला तिचा फोन आला. खोली स्वच्छ होती. परीक्षा उद्या सकाळी. आता रुग्णालयाचा रस्ता एकदा पायाखालून घालून येते म्हणाली.

"भाग कसा आहे?"

"शांत आहे बाबा. जरा जास्तच शांत. दुकानदार आत्तापासूनच शटर ओढायला लागलेत."

रजिस्टरने फोन ठेवला आणि बायकोकडे पाहून म्हणाला, "बघ." त्या एका शब्दात तीन आठवड्यांचं समाधान होतं.

पावणेसातला, परतताना, हॉटेल समोर दिसत असताना मागून मोटरसायकल आली. मागे बसलेल्याने पर्सला हात घातला. पट्ट्याचे दोन वेढे मनगटाला घट्ट होते, त्यामुळे पर्स सुटली नाही, आणि लेक पर्ससकट वीस-पंचवीस पावलं फरफटत गेली. पट्टा तुटला तेव्हाच ती थांबली. दोन दुकानं अजून उघडी होती. दोन्ही दुकानदारांनी तिच्याकडे पाहिलं आणि शटर खाली ओढलं.

सकाळच्या पहिल्या गाडीने रजिस्टर पोचला. लेकीचा उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. मनगटापाशी दोन्ही हाडं मोडली होती. गाल सोलवटला होता. ती रडत नव्हती, नुसती प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटांच्या टोकांकडे बघत होती. त्या वेळी तिकडे बाकीचे उमेदवार मेण कोरायला बसले होते. वेढ्यांचा विषय दोघांनीही काढला नाही.

परीक्षा घेणाऱ्या बाई भल्या होत्या, त्या स्वतः भेटायला आल्या. म्हणाल्या, नियम सरळ आहे. उमेदवाराला दुसऱ्याच्या गुन्ह्यामुळे इजा झाली असेल, तर पोलिसांच्या शिक्क्यासह तक्रारीची प्रत चार दिवसांत आणून द्यायची. मग तीन महिन्यांनी प्रात्यक्षिक पुन्हा घेता येतं, आणि वय आजचंच धरतात. उमेदवार आपण होऊन पडला असेल तर मात्र काही करता येत नाही.

"एवढंच ना?" रजिस्टर म्हणाला. त्याला काल रात्रीपासून प्रथमच हायसं वाटलं. तक्रार म्हणजे त्याचं घरचंच काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लेकीला घेऊन त्या भागातल्या ठाण्यात गेला. ठाणं कसं चकचकीत होतं. दारात कुंड्या, भिंतीवर ओळीने तीन ढाली, तिन्हींवर सर्वांत सुरक्षित विभाग म्हणून कोरलेलं. तक्रारी घेणारा कारकून पंचेचाळिशीचा, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. बोलायला गोड. त्याने दोघांना बसवलं, सगळं ऐकून घेतलं, भरभर लिहिलं आणि वाचून दाखवलं, "रस्त्याने चालताना तोल जाऊन पडल्या. त्या गडबडीत पर्स गहाळ झाली."

"गहाळ नाही, हिसकावली," रजिस्टर म्हणाला. "दोघे होते, मोटरसायकलवर."

"गाडीचा नंबर पाहिला?" कारकुनाने लेकीला विचारलं.

"नाही."

"चेहरे?"

"मागून आले ते."

"कोणी साक्षीदार? नाही ना. मग ताई, हिसकावली कशावरून म्हणायचं?"

रजिस्टरचे कान तापले. तिन्ही प्रश्न त्याचेच होते. ह्याच क्रमाने, ह्याच मऊ आवाजात त्याने ते एकतीस वर्षं विचारले होते. तरीही तो म्हणाला, "अहो, मी स्वतः ह्याच खात्यातला आहे. असं लिहू नका."

कारकुनाचा चेहरा खुलला. "असं होय? मग तुम्ही घरचेच. तुम्हाला काय सांगायचं? वरचे साहेब आकडा वाढला की आपल्यालाच झाडतात. तुमच्याकडे वर्षाला किती असायच्या?"

खोटं बोलायला हरकत नव्हती. पण आकड्याच्या बाबतीत त्याची जीभ खोटं बोलत नसे. "नऊ," तो म्हणाला.

"बघा," कारकून म्हणाला. "म्हणजे तुम्ही आमच्याही दोन पावलं पुढे."

लेकीने मान वळवून बापाकडे पाहिलं.

आता कोणी म्हणेल, ह्याला हे आधी कसं कळलं नाही? दुधात पाणी घालणारा गवळी दुसरीकडे रतीब लावतो तेव्हा तेही दूध हलवून बघतो. रजिस्टरने ते केलं नाही. त्याला एकतीस वर्षं वाटत आलं होतं की हे फक्त आपल्याच ठाण्यात चालतं, आपला साहेब तसा म्हणून. बाकी जगात कुठेतरी खरे कारकून बसलेत आणि खरं लिहितात, ह्यावर त्याचा विश्वास होता. त्या विश्वासावर त्याने पोटची पोर त्या रस्त्यावर सोडली होती. बाजारातल्या तीनशे बारा तक्रारी म्हणजे तिथला कारकून लिहून घेत होता, एवढाच त्याचा अर्थ. त्याला स्वतःची किळस आली.

"शेजारच्या काकू पुलावर पडल्या होत्या," लेक हळू म्हणाली. "त्यांची साखळी कोणीतरी ओढली होती ना? मग कधी चालल्याच नाहीत त्या. ती तक्रार त्या नऊत होती?"

"नाही."

"काय लिहिलं होतं तुम्ही?"

"गहाळ," रजिस्टर म्हणाला.

कारकुनाने शाईचं पॅड तिच्यापुढे सरकवलं. "उजवा हात चालत नाही तर डाव्याचा अंगठा द्या. तेवढ्यावर भागतं."

"अंगठा नाही लावणार मी," लेक म्हणाली. मग बापाकडे न बघता, "बाबा, कोरा कागद घ्या. मी सांगते तसं लिहा."

रजिस्टरने कागद घेतला. ती सांगत गेली, मोटरसायकल, पावणेसात, पट्ट्याचे दोन वेढे, ते कोणी द्यायला सांगितले तेही. तिथे त्याचा हात अडला. "लिहा," ती म्हणाली. त्याने लिहिलं. शटर ओढणारी दोन दुकानंही लिहिली. खाली तिने डाव्या हाताने सही केली, वाकडीतिकडी, पण सही.

कारकुनाने कागद वाचला, घडी केली आणि पेपरवेटखाली ठेवला. "ठीक आहे. बघतो आम्ही. या आता."

"झालं?" लेकीने विचारलं.

कारकून रजिस्टरकडे बघत होता. एका व्यवसायातली माणसं एकमेकांकडे बघतात तसं, आणि त्या बघण्यात विनवणी होती. हो म्हटलं असतं तर लेक उठली असती, आणि संध्याकाळपर्यंत तो कागद केराच्या टोपलीत गेला असता.

"नाही झालं," रजिस्टर म्हणाला. "शिक्का मारून प्रत घ्यायची. त्याशिवाय हा कागद दिलाच नाही असं होतं."

कारकुनाच्या आवाजातला गोडवा संपला. "शिक्का साहेबांकडे असतो. साहेब बाहेर गेलेत. त्या बाकावर बसा."

दोघं बाकावर बसली. शिक्का टेबलाच्या वरच्या खणात असतो, हे रजिस्टरला माहीत होतं. साहेब आतल्याच खोलीत असतात, हेही. अशा बाकावर त्याने शेकडो माणसं बसवली होती.

"किती वेळ लागेल?" लेकीने विचारलं. वेदनेने तिच्या कपाळावर घाम आला होता.

"आपण उठून जाईपर्यंत," तो म्हणाला.

तिने प्लास्टरचा हात दुसऱ्या हाताने उचलून मांडीवर नीट ठेवला आणि पाठ भिंतीला टेकली.