तळहातावरचा लाल भंडारा

खंडोबाच्या देवळापुढं रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. मंगळवारी ग्रामपंचायतीचं मतदान होतं आणि त्याआधी बंडप्पा महाराज नावाचा एक अवतार गावात उतरला होता. मनात एक नि ओठांत एक ठेवून कुणी शपथ घेतली, की महाराजांसमोर त्याच्या तळहातावरच्या भंडाऱ्याचं रक्त होतं म्हणे. एवढ्या मोठ्या देवमाणसाला आमच्या गावचा तीन नंबर वॉर्डच कसा सापडला, हे कुणी विचारलं नाही.

महाराजांना आणलं होतं रणधीरनं. वॉर्डाची जागा बाईसाठी राखीव, म्हणून छत्री चिन्हावर त्याची बायको दीपाली उभी होती. बॅनरवर मात्र रणधीरचा फोटो हातभर आणि दीपालीचा बोटभर. तिच्यासमोर कपबशी घेऊन उभी होती धनगरवस्तीवरची दैवशाला. तिचं मागणं एकच होतं, वस्तीवर नळ. माकणीचं धरण वस्तीवरून दिसतं, आणि बाया हंडे घेऊन अर्धा कोस चालतात. वस्ती सारी तिच्या बाजूनं होती. वस्ती फुटली नाही तर दैवशाला निवडून येणार, हे रणधीरलाही ठाऊक होतं.

शपथ घरटी एकाच गड्यानं घ्यायची होती. बायांना चपलांच्या ढिगापलीकडं उभं केलं होतं. दैवशालाला तिथून नुसत्या पाठी दिसत होत्या आणि महाराजांचा आवाज ऐकू येत होता.

"मशीनचं बटण दाबलं की टूं वाजतंय का न्हाय? तुमाला वाटतंय, ते सायबाला कळावं म्हणून वाजतंय. येड्यांनो, ते मल्हारीला कळावं म्हणून वाजतंय."

वॉर्डावॉर्डांतलं टूं ऐकत बसायला मल्हारीला दुसरं काम नसावं. पण माणसं माना डोलवत होती.

रणधीर एकेकाचं नाव घेऊन पुढं करत होता. "हे वस्तीवरचे धुळाप्पा." धुळाप्पा वस्तीतला जाणता माणूस, शंभर मेंढरांचा मालक. महाराजांनी तीर्थानं त्याचे हात धुतले, ओल्या तळहातावर भंडाऱ्याची चिमूट टाकली, वर बेलाचं पान ठेवलं. "बोल, छत्रीलाच मत देईन." धुळाप्पा बोलला आणि पुढच्या माणसांनी श्वास रोखला. भंडारा लाल झाला होता.

"ह्याच्या मनात कपबशी हाय," महाराज म्हणाले. "ह्याची मेंढरं दिवाळी बघायची न्हाईत."

धुळाप्पा पाया पडला. महाराजांनी पुन्हा त्याचे हात धुतले, पुन्हा शपथ घ्यायला लावली. या खेपेला भंडारा पिवळाच राहिला आणि येळकोटाचा गजर झाला. असे वस्तीवरचे अठ्ठावीस गडी आधी लाल झाले आणि मग पिवळे होऊन घरी गेले.

घरी येऊन दैवशालानं नवऱ्याचा, वैजनाथचा सदरा धुवायला घेतला. गर्दीत उधळलेला भंडारा त्याच्यावर पडला होता. साबण लावला तसे पिवळे डाग लाल झाले. तिचा हात थांबला.

"अवो, देवळात लाल झालं ते असंच व्हतं का?"

"व्हय की, अगदी असंच," वैजनाथ म्हणाला.

चुलीपुढनं सासू धुरपताबाई म्हणाली, "त्यात काय नवल? हळदीला चुन्याची निवळी, चुन्यावरचं नितळ पाणी, लावून आमी घरी कुंकू करायचो. गड्यांना कुठनं ठाव असणार?"

ज्यांना ठाऊक होतं, त्यांना चपलांपाशी उभं केलं होतं. दैवशालाला संताप आवरेना. "तीर्थाचा तांब्या एकच व्हता का?"

"दोन व्हते. डावीकडचा फकस्त वस्तीवरच्यांना, त्योबी पयल्या खेपेलाच," वैजनाथ म्हणाला, आणि बोलता बोलता त्याचाच चेहरा उतरला.

सोमवारी महाराज उरलेल्यांना शपथा देत बसले होते. दैवशाला घरच्या हळदीचा डबा घेऊन चपला ओलांडून सरळ पुढं गेली आणि तिनं डावा तांब्या उचलला.

"रणधीरभाऊ, हात करा पुढं. तुमी तर घरचेच."

चारचौघांत नाही म्हणता येईना. तिनं त्याच्या हातावर तीर्थ ओतलं, घरची हळद टाकली. "म्हणा, छत्रीलाच मत देईन." रणधीर पुटपुटला, आणि त्याचा तळहात लाल झाला.

"म्हंजे ह्यांच्याबी मनात कपबशीच हाय," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळं देऊळ हसलं.

"ह्यो तांब्या चुन्याच्या निवळीचा हाय," दैवशाला म्हणाली. "हळदीला चुना लागला की ती लाल हुती. घरी जाऊन साबण लावून बघा, तसंच हुतंय. खंडोबाचा ह्यात काय संबंध न्हाय."

बाईनं तीर्थाला शिवून विटाळ केला, असं ओरडत महाराज उठले आणि रणधीरच्या जीपमध्ये बसून जे गेले ते गेलेच. गाव संध्याकाळपर्यंत हसत होतं. घरोघर हळद नि साबणाचे प्रयोग झाले.

मंगळवारी मतदान झालं, बुधवारी निकाल लागला. दैवशाला एकोणीस मतांनी पडली.

ती तशीच धुळाप्पाच्या दारात गेली. "आप्पा, चुना व्हता हे तुमी डोळ्यांनी बघितलं ना?"

"बघितलं की." धुळाप्पा मान खाली घालून बसला होता. "त्यो भामटा व्हता, मान्य हाय. पर भंडारा तर खंडोबाचा व्हता, पोरी. बेलभंडारा उचलून दिलेला शब्द म्या कसा मोडू? मेंढरांना काय झालं तर?"

"आन काकू, तुमी?"

सीताबाई, धुळाप्पाची बायको, उंबऱ्यात उभी होती. "ह्यांनी घराची शपथ घेतली व्हती. म्याबी छत्रीच दाबली."

दैवशालाला रडू आलं, ते तिनं लपवलं नाही.

"आप्पा, मेंढरू आजारी पडलं तर तुमी डॉक्टरला बोलवता, तवा अक्कल चालती तुमची. मताला तेवढीच लावायची व्हती. फसवून काढलेला शब्द मोडला म्हणून मुक्या जनावराला मारणारा देव नसतोय, आन असला तर त्याला मी देव म्हणणार न्हाय. आन काकू, बेलभंडारा आप्पांनी उचलला व्हता, तुमी न्हाय. मशीनपुढं तुमी एकट्याच व्हता. तिथं आप्पा नव्हते, महाराज नव्हता, खंडोबाबी डोकावत नव्हता. बोट तुमचं व्हतं. मग इचार दुसऱ्याचा का?"

सीताबाईनं शाई लागलेलं बोट पदराखाली घेतलं.