अर्ध्या वाक्यांची खुर्ची

सप्‌... सप्‌... चामडी पट्ट्यावर वस्तऱ्याला धार लावतानाचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा माझं रेक्झिन कोरं करकरीत होतं. मी केस कापायच्या दुकानातली खुर्ची बोलतेय. जन्म एकाच आरशासमोर गेला, तरी माझा गोंधळ काही मिटला नाही.

गोंधळ माणसांच्या बोलण्याचा. गिऱ्हाईक रंगात येऊन सांगतं, "काल मी थोरल्या भावाला..." तेवढ्यात आमच्या नानांचा वस्तरा वरच्या ओठाशी येतो आणि तोंड मिटावं लागतं. मारलं? जेवायला बोलावलं? दाढी होईपर्यंत सांगणारा ते विसरलेला असतो. मी आपली तशीच लटकलेली.

मग एकदा नानांच्या लेकीचा परदेशातून फोन आला. ती सुट्टीत नातीला घेऊन येणार होती. नातीला इंग्रजीखेरीज काही येत नव्हतं.

"स्वतःच्या नातीसमोर मुक्यानं बसू की काय?" नाना आरशालाच विचारत.

शेवटी रोज दाढीला येणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरांनी नानांना इंग्रजी शिकवायचं मनावर घेतलं.

"नाना, आपल्या वाक्यात कामाचा शब्द शेवटी येतो. मी सफरचंद खातो. इंग्रजीत तो मध्येच. मी खातो सफरचंद."

"हातात यायच्या आधीच खाल्लं? घाईची माणसं दिसतात."

मला मात्र ती रीत आवडली. वस्तरा यायच्या आत निदान काय केलं ते तरी कळेल.

पण प्रश्न विचारायची वेळ आली आणि पुन्हा घोळ. 'व्हॉट डू यू लाइक?' म्हणजे, तुला काय आवडतं?

"ह्यात हा 'डू' काय करतो?"

"तसं काहीच करत नाही. पण प्रश्नात तो लागतोच."

"म्हणजे आमचा मेव्हणा!"

मास्तर इतके हसले की गाल थोडक्यात वाचला.

गिऱ्हाईक नसलं की नाना माझ्या पाठीवर हात ठेवून ते वाक्य घोकत.

नात आली. आई तिला सोडून बाजारात गेली. माझ्यावर बसल्यावर तिचे पाय लोंबकळत होते. नानांनी तिच्या गळ्याभोवती कापड बांधलं, घसा खाकरला आणि विचारलं. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

पोर खुलली. केवढं बोलली! प्रश्नाची तयारी झाली होती, उत्तराची कोणी केलीच नव्हती. नाना "यस, यस" करत कापत राहिले. मग तिने काहीतरी विचारलं. "यस." तिने तेच पुन्हा विचारलं, सावकाश. नानांची कात्री थांबली.

"बाळा, मला कळत नाही गं," ते आपल्याच बोलीत म्हणाले.

आता माझं रेक्झिन फाटलंय, खाली-वर करायचा दांडा अडकतो. तिने काय विचारलं होतं, हे मला अजून कळलेलं नाही. शब्द राहिले नाहीत, सूर तेवढा आठवतो. दोन्ही भाषा येणाऱ्या कोणीतरी कधी माझ्यावर बसावं, नानांना दोन गोष्टी शिकवाव्यात. उत्तरं ऐकायला शिकवावं आधी.

त्या दिवशी केस कापून झाले. ती खाली उतरली. मऊ ब्रश उचलून तिने नानांच्या बाहीवर पडलेले आपले केस हलके हलके झटकले, ब्रश जागेवर ठेवला आणि बाजारातून येऊन दारात उभ्या असलेल्या आईकडे निघून गेली.