पाटीवरचं दुसरं नाव

“हात बघा माझ्या पोरीचा! पाण्यावरचं पान हलंल, पर हा हात न्हाई हलायचा.”

अब्बांचा तो आवाज आबेदानं तीस वर्षं कानात जपून ठेवला होता. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. रेडिओच्या उघड्या पोटात सोल्डरचा मण्याएवढा थेंब ठेवत होती आणि काउंटरपलीकडची गिऱ्हाइकं माना पुढं काढून तिच्या बोटांकडं बघत होती.

आज तोच आवाज, थोडा घोगरा झालेला, दुकानाच्या दारातून आत आला.

“हात बघ आमच्या सत्यमचा, वीरण्णा! असा हात अख्ख्या लातुरात दाखव.”

आबेदा प्लायवूडच्या आडोशाला बसून एका लॅपटॉपची पाठ उघडत होती. तिच्या चिमटीतला स्क्रू निसटला आणि टेबलावरून घरंगळत खाली गेला. ती तो उचलायला वाकली नाही.

दारात वीरण्णा पेंटर टेप लावून पत्र्याची नवी पाटी मोजत होता. गंजगोलाईच्या बाजारामागच्या गल्लीत ‘लालमहंमद रेडिओ’ ही जुनी पाटी चाळीस वर्षं उन्हात उभी होती. तिची अक्षरं आता फक्त माहीतगारालाच वाचता येत.

“दोन नावं बसली पाहिजेत,” अब्बा म्हणाले. “वर माझं. खाली सत्यमचं.”

“अय्यो उस्ताद, आन् रेडिओ? ते काढू का?”

“राहू दे.”

“आता कोण आणतंय रेडिओ?”

“कुणीच न्हाई आणत. म्हणून तर ठेव म्हणतोय. दुकानात न्हाई तर पाटीवर तरी असू दे.”

वीरण्णा हसला. सत्यमही हसला, पण खाली बघून. मुरुडचा हा तीस-बत्तीस वर्षांचा गडी कौतुक झालं की नेहमी असाच खाली बघायचा. आबेदाला त्याचं तेही खपत नसे.

ती लग्न होऊन नांदेडला गेली होती. नवरा वारल्यावर एक ट्रंक घेऊन परत आली, तेव्हा तिच्या स्टुलावर हा बसलेला होता. तिला बघताच तो ताडकन उठला आणि म्हणाला, “आपा, बसा.” ती बसली नाही. आडोशामागं दुसरं स्टूल ओढून घेतलं ते आजतागायत. नऊ वर्षं झाली. बारीक काम सगळं मागं तिच्याकडं यायचं, भिंग लावून बोर्डावरच्या केसासारख्या तारा तीच जोडायची. आणि पुढं गिऱ्हाईक सत्यमचं नाव घेत यायचं. त्याचं काम वाईट असतं, तर तिनं त्याला केव्हाच माफ केलं असतं.

वीरण्णा रंग आणायला गेला, तेव्हा ती दारापर्यंत आली.

“अब्बा, पाटीवर दोनच नावं?”

अब्बांनी चहात बुडवलेला बनपाव अर्धा मोडून तिच्यापुढं धरला. दुकानात ते लेकीशीही मराठीतच बोलत; गिऱ्हाइकापुढं दोन जिभा नकोत, म्हणत.

“अगं, तू तर घरचीच. घरच्या माणसाचं नाव लिहायला लागतंय व्हय? परक्याला लिहून द्यावं लागतं.”

त्यांनी ते इतक्या मायेनं म्हटलं, की तिला रागही धड करता आला नाही. बनपाव तिनं घेतला. आडोशामागं नेऊन तो टेबलाच्या कडेला ठेवून दिला.

दुपारी निलंग्याहून शिवांगी नावाची मुलगी आली. ओढणीत गुंडाळलेला लॅपटॉप तिनं लेकरासारखा छातीशी धरला होता.

“जुना घेतलाय, एका सरांकडून,” ती म्हणाली. “त्यांचं सगळं पुसून सिस्टीम नव्यानं टाकून द्या. पर ओरिजनलच पायजे. बियाण्याच्या कंपनीत घरून काम लागलंय मला. ते लोक दुरून मशीन तपासून बघतात. सोमवारी पहिला दिवस हाय.”

“इथं दुसरं काही मिळतच न्हाई,” अब्बा म्हणाले. “गल्लीत बाकीचे फुकटची, चोरीची सिस्टीम टाकतात. ह्या दुकानात चोरीचा माल चढत न्हाई.”

“पर परवाना तर त्या सरांचा. पुसल्यावर जाईल की.”

सत्यमनं लॅपटॉप उलटा करून तिला दाखवला.

“न्हाई जात, ताई. परवान्याचा आकडा ह्याच्या बोर्डातच घालून दिलेला असतो. मालक बदलला तरी तो मशीनबरोबरच राहतो. फकस्त एक सांभाळायचं. आधी साधी ‘होम’ सिस्टीम होती तर परत ‘होम’च टाकायची. मग नेटला जोडलं की तिकडून सिस्टीमवाले म्हणतात, हाव, हे आमचंच. अन् वरचं महागडं ‘प्रो’ टाकलं की म्हणतात, तुम्ही कोण पावणं?”

शिवांगी खळखळून हसली.

“बघ, किती सोपं करून सांगतोय,” अब्बा समाधानानं म्हणाले.

आडोशामागं आबेदाचा हात थांबला. हे तिचं बोलणं होतं. गेल्या वर्षी रमजानच्या आधी, ह्याच टेबलापाशी, तिनं सत्यमला हे शिकवलं होतं. ‘पावणं’ हा शब्दसुद्धा तिचा.

“आपा, लाल पेनड्राइव्ह द्या की.”

दुकानातले सगळे पेनड्राइव्ह तीच तयार करायची. लाल पेनड्राइव्ह असा केलेला होता, की मशीनला लावला की त्याच्या बोर्डातला आकडा वाचून तो योग्य तीच आवृत्ती टाकायचा. माणसाला काही निवडावं लागत नसे.

“देते. मिनिटभर थांब.”

तिनं तो आपल्या मशीनला लावला. त्यात एक लहानशी फाईल केली. आता कुठल्याही लॅपटॉपला लावला तरी तो बोर्डाचं ऐकणार नव्हता; ‘प्रो’च टाकणार होता. दोन ओळींची फाईल. जात्यावरची ओवीही दोन ओळींची असते आणि तिच्यात अख्खं माहेर मावतं. ह्या दोन ओळींत आबेदाची नऊ वर्षं मावली.

पेनड्राइव्ह देताना तिचा हात जराही हलला नाही.

गल्लीत पाइपलाइनसाठी खोदलेलं होतं, त्यात नेटची तार तुटली होती. काम संपलं तेव्हा सत्यम खिशातून मोबाईल काढत म्हणाला, “माझ्या मोबाईलवरून जोडून एकदा बघून घेतो.”

“तिची निलंग्याची गाडी जाईल,” आबेदा आडोशामागूनच म्हणाली. “घरी जोडलं की होतंय आपोआप. नेहमी होतंय की.”

सत्यम क्षणभर घुटमळला. मग त्यानं लॅपटॉप ओढणीत नीट गुंडाळून दिला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं शिवांगी परत आली. तेव्हा वीरण्णा दारात पत्रा टेकवून बसला होता. वरचं नाव निळ्या रंगात भरून झालं होतं. खालचं खडूनं आखलेलं होतं.

“हे काय करून ठेवलं हो तुम्ही?” तिचा आवाज फुटत होता. तिनं लॅपटॉप उघडून काउंटरवर ठेवला. पडद्याच्या कोपऱ्यात धुरकट अक्षरं उमटली होती: परवाना भरा. “सरांकडं होतं तवा ओरिजनल होतं. रात्रीच कंपनीच्या माणसानं बघितलं अन् म्हणला, ताई, चोरीची सिस्टीम आमच्यात चालत न्हाई. आज दुरुस्त झालं न्हाई तर सोमवारी दुसरीला घेतील.”

चोरीची. तो शब्द ह्या दुकानात कुणी गिऱ्हाइकानं आजवर उच्चारला नव्हता. अब्बांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला, आणि सत्यमकडं पाहिलं.

सत्यम लॅपटॉपवर वाकला. “प्रो कसं आलं?” तो स्वतःशीच पुटपुटला. त्यानं खणातून लाल पेनड्राइव्ह काढला, काउंटरवरच्या मशीनला लावला आणि बघत राहिला. आडोशाच्या फटीतून आबेदाला त्याची पाठ दिसत होती. ती पाठ बराच वेळ हलली नाही. मग कळफलकावर दोन-तीन बोटं वाजली आणि तो वळला.

“उस्ताद, चुकलं माझं. माझ्या हातून ‘प्रो’ टाकलं गेलं.”

“इतक्या वर्षांत अशी चूक न्हाई झाली तुझ्याकडून.”

“आता झाली.”

“नेटला जोडून न बघता मशीन दुकानाबाहेर गेलंच कसं?”

आबेदानं फटीला डोळा लावला. आता तो म्हणेल, आपानं घाई केली. सत्यमनं मान खाली घातली. आपाचं नाव न घेता त्यानं पेनड्राइव्ह काढून काउंटरवर ठेवला.

अब्बा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते दाराकडं वळले.

“वीरण्णा, खालचं नाव थांबव.”

“अय्यो, आखून झालंय की. रंगबी कालवलाय.”

“पूस.”

वीरण्णानं एकदा सत्यमकडं पाहिलं, मग ओल्या फडक्यानं खडू पुसला. सत्यम कोपऱ्यातला एक जुना कळफलक घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसला आणि ब्रशनं त्याच्यातली धूळ झाडू लागला.

“आबेदा,” अब्बा म्हणाले, “तू बस पुढं.”

ती काउंटरवर येऊन तिच्या जुन्या स्टुलावर बसली. स्टूल अजून उबदार होतं. तिनं आधी पेनड्राइव्ह उघडला. कुणी बघायच्या आत ती फाईल काढून टाकायला हवी होती.

फाईल नव्हती.

तिनं पुन्हा पाहिलं. वरून खाली, खालून वर. दोन ओळींची ती फाईल कुठंच नव्हती. कालपासून हा पेनड्राइव्ह दोघांच्याच हातात होता, आणि दुकानात तो कोण तयार करतं हे सत्यमला पक्कं ठाऊक होतं.

तिनं मान वर केली. पायरीवर तो कळफलक झाडत बसला होता. एक एक बटण, नीट, सावकाश. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

पुढचं सगळं तिच्या बोटांनी केलं. ‘प्रो’ गेलं, ‘होम’ आलं. कालच सगळं कोरं केलेलं असल्यामुळं हरवण्यासारखं काही नव्हतं. मोबाईलचं नेट जोडलं आणि तिघंही पडद्याकडं बघत राहिली. परवाना ओळखल्याची खूण उमटली. कोपऱ्यातली अक्षरं गेली. शिवांगीनं तिथूनच कंपनीच्या माणसाला फोन लावला, दोनदा “हो सर, हो सर” केलं, आणि आबेदाचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

“लई उपकार झाले, ताई. तुम्हीच का न्हाई बसत पुढं? तुमच्याकडंच द्यायला पायजे होतं काल.”

आबेदानं हात सोडवून घेतला.

शिवांगी गेल्यावर अब्बा काउंटरपाशी आले. मग लहानपणी ठेवायचे तसा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“माझ्या ध्यानातच आलं न्हाई बघ. सोनं घरात अन् मी पितळ घासत बसलो.” ते दाराकडं बघून म्हणाले, “वीरण्णा, खाली आबेदा लिही.”

“पोरीचं?”

“माझ्या पोरीचं.”

वीरण्णानं खडू उचलला. वाऱ्यानं पत्रा थरथरत होता, रेघ वाकडी जायला लागली. तेव्हा सत्यम पायरीवरून उठला. कळफलक बाजूला ठेवून त्यानं पत्र्याची दोन्ही टोकं घट्ट धरली, गुडघा लावून, रेघ सरळ यावी म्हणून. वीरण्णा हळूच त्याला काहीतरी म्हणाला. सत्यम नुसता हसला, खाली बघून.

स्टुलावर बसल्या बसल्या आबेदा ते बघत होती. आखल्या जाणाऱ्या नावाकडं तिचं लक्ष नव्हतं. तिचे डोळे पत्रा धरलेल्या त्या दोन हातांवर खिळले होते. ह्याच घडीसाठी ती नऊ वर्षं आतल्या आत जळत होती. आज स्टूल तिचं होतं, अब्बांचा हात तिच्या डोक्यावरून नुकताच उतरला होता, आणि तरीही काहीतरी तिच्या वाट्याचं पुन्हा त्या माणसाकडंच गेलं होतं. तिनं केलेलं त्यानं स्वतःवर घेतलं होतं आणि घेऊन तो तिच्याहून मोठा झाला होता. उद्या अब्बा निवतील, त्याला माफ करतील. तो खाली बघेल. आणि ती पाटीखाली बसून जन्मभर त्याला बघत राहील.

ती उठली. स्टूल मागं सरकल्याचा आवाज झाला, तशी सत्यमनं मान वर केली. त्यानं तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि नको म्हणून अगदी थोडी मान हलवली.

त्याचं ते ‘नको’ तिला सोसवलं नाही.

“अब्बा,” ती म्हणाली, “पेनड्राइव्हमधी फाईल मी टाकली होती. मुद्दाम. घाईबी मीच केली, त्याला जोडून बघू दिलं न्हाई.”

वीरण्णाचा खडू पत्र्यावर थांबला. अब्बा वळले.

“ती चूक माझी हाय,” आबेदा म्हणाली. “तीबी त्याला देऊ नका.”