हिरडीचं ठिगळ

आमच्या ह्यांनी, म्हणजे शरच्चंद्रांनी, आयुष्यभर दात असे घासले जणू करपलेली कढईच. शेवटी खालच्या दोन दातांची हिरडी सरकली आणि मुळं उघडी पडली.

तुकोगंजच्या दातांच्या डॉक्टर स्पृहानं ह्यांच्याच टाळूची पातळ चकती काढून तिथं शिवली. "काकाजी, दोन हफ्ते कुल्ला बिल्कुल नाही करायचा," तिनं बजावलं. "ग्राफ्ट हललं तर दात वाचवणं मुश्किल होईल."

हे ऑपरेशनला तयारच नव्हते. मीच हात धुऊन मागे लागले होते, त्यामुळे काळजीही माझीच. 'चूळ भरणं बंद' लिहिलेला सूचनांचा कागद फ्रिजवर लावला. गार दहीभात मिक्सरमधून काढला. पोह्यांवरची शेव घरातून हद्दपार केली.

चौथ्या दिवशी दुपारी कामवाली आली नव्हती, गॅसही संपला होता. माझं डोकं तापलेलं. दहीभात संपवून हे तसेच खुर्चीत बसून राहिले. एकेचाळीस वर्षांत मी ह्यांना जेवणानंतर एकदाही तसं बसू दिलेलं नाही. तोंडातून निघालंच, "अहो, बसलात काय? आधी चूळ भरा!"

आणि हे निमूट उठले. बेसिनवर जाऊन खळखळून चूळ भरली. पाणी लाल झालं, तेव्हा कुठे मला कळलं मी काय बोलून बसले ते.

दवाखान्यात जाताना रिक्षात मी ह्यांचा हात सोडला नाही.

"कुल्ला कुणी करायला सांगितला, काकाजी?" स्पृहा तडकलीच.

"सवयीनं चूळ भरली," हे पुटपुटले.

मग तिनं ह्यांना चांगलं फैलावर घेतलं. हे शाळेतल्या पोरासारखी मान हलवत राहिले. एरवी माझं तोंड बंद ठेवणं देवालाही जमत नाही. पण तेव्हा मी लाजेनं भिंतीवरचा दातांचा तक्ता वाचत राहिले.

तिनं दिवा जवळ ओढून तपासलं. "लक चांगलं आहे. टाके शाबूत आहेत. एक कोपरा उचललाय बस, चिकटून जाईल."

मी स्टुलावर बसले आणि रडू आलं. "ह्यांना नको गं बोलूस. मीच सांगितलं चूळ भरायला."

स्पृहानं ह्यांच्याकडे पाहिलं. "सच में, काकाजी?"

तपासताना तिनं ह्यांना बोलायची मनाई केली होती. तरी ओठ न हलवता हे म्हणाले, "ती भरा एवढंच म्हणाली. खळखळून मीच भरली."