पडणाऱ्या पंखाला हात

मी विमान बोलतंय. वर बघू नका, मी कपाटावर आहे. रिमोटवर उडणारं, फोमचं, शिकाऊ विमान. माझा पंख रबरबँडनी बांधलेला असतो. आपटलं की तो निसटतो, मोडत नाही. नवशिक्यांच्या हाती द्यायचं म्हणूनच मला असं बनवलंय.

मला एका बाईंनी नवऱ्यासाठी आणलं. या ड्रायव्हरकाकांनी तीस वर्षं बस चालवली. बाई त्याच बसवर कंडक्टर होत्या. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा, एवढ्यावर त्यांचा संसार चालला. मग ड्रायव्हरकाकांच्या छातीत दुखलं आणि डॉक्टरांनी स्टिअरिंग सोडायला लावलं. तेव्हापासून ते खिडकीशी बसून असत. चहासुद्धा मागत नसत. बाईंचा जीव तुटायचा.

शिकवायला काकांचे नेहमीचे न्हावी आले. दुकान बंद असलं की ते मैदानावर विमानं उडवत.

"वाऱ्याकडे तोंड करून सोडा," ते म्हणाले. "दोन चुका पचतील एवढी उंची घ्या. आणि गोंधळलात की रिमोटची दांडी सोडून द्या. विमान आपलं आपण सरळ होतं."

तीस वर्षं ज्याने चाक सोडलं नाही, त्याला हे कसं पटावं? लांब जाताना मी छान उडे. वळून त्यांच्याकडे येऊ लागलं की डाव्या-उजव्याचा घोटाळा. पंख उजवीकडे झुकलेला दिसे, काका दांडी डावीकडे ओढत आणि मी आणखीच कलंडे. शिवाय ते घाबरून उजवा पाय गवतात दाबत.

"काका, विमानाला ब्रेक नसतो," न्हावी म्हणत.

तिसऱ्यांदा माझं नाक फुटलं. काकांनी मला खोक्यात घातलं. "एवढंही जमत नाही मला. देऊन टाक कुणाला तरी."

मला फार वाईट वाटलं. बाईंनी चिकटपट्टी आणली, माझं नाक जोडलं आणि न्हाव्यांना बोलावलं.

"माझा जन्म आरशासमोर गेला," न्हावी म्हणाले. "उलटसुलट मला कळतं. तुम्ही डावं-उजवं विसरा. समोरून येताना जो पंख खाली जाईल, त्याच बाजूला दांडी. पडणाऱ्याला खालून हात द्यायचा, बस."

मैदानावर काकांनी रिमोट हातात घेतला. "टिंग टिंग," बाई हळूच म्हणाल्या. मी निघालं.

वळल्यावर वाऱ्याने माझा पंख दाबला. काकांचा पाय गवतात रुतला. "खालून हात," ते पुटपुटले आणि दांडी खाली गेलेल्या पंखाकडे नेली. मी सरळ झालं. मग त्यांनी क्षणभर दोन्ही अंगठे उचलले. मी आपलं उडतच राहिलं, आणि ते नुसते बघत राहिले.

मी गवतावर टेकल्यावर काका म्हणाले, "टिंग." आणि मग, "घरी गेल्यावर चहा टाकशील?" बाईंनी पदराने डोळे पुसले.

आता माझ्या अंगावर फोमपेक्षा चिकटपट्टीच जास्त आहे. नवशिक्यांनो, मला खुशाल आपटा, फक्त खोक्यात ठेवू नका. बाकीचं पुन्हा कधीतरी सांगेन. खाली दोनदा घंटी झाली, मला निघायला हवं.