पंख्याची ओढ

संध्याकाळी भिजवलेले वाल सोलायला गंगाबाई मुद्दाम कॉम्प्युटरसमोर बसायची. वाल बोटांतून सुळकन निसटून ताटात पडायचे, सालांचा ढीग पायाशी वाढायचा आणि ती लेकीला म्हणायची, "लाव गं बाय त्याचं इमान."

स्नेहल लावायची. कर्जतच्या दवाखान्यात दिवसभर केसपेपर काढून जीव आंबलेला असला तरी लावायची.

प्रबुद्धला, तिच्या धाकट्या भावाला, जाऊन दुसरा पावसाळा उलटला होता. डेंग्यूनं धरलं ते सोडलंच नाही. कुंभिवलीच्या कारखान्यातली पाळी संपवून खालापूरला घरी आला की तो कॉम्प्युटरवरच्या खेळात जुन्या लढाईतली विमानं उडवायचा. नुसतं खेळून त्याचं भागायचं नाही. कर्जतच्या नवनाथला हाताशी धरून त्यानं त्या खेळासाठी आपल्याच मुलखाचा नकाशा केला होता. त्यात माथेरान होतं, उल्हास नदी होती, घाटातला रेल्वेचा रूळसुद्धा होता.

त्या नकाशावरचं त्याचं एकच उड्डाण साठवलेलं राहिलं होतं. खंडाळ्याच्या माथ्यावर गोळी लागते, इंजिन गप्प होतं. मग विमान नुसतं वाऱ्यावर घाट उतरतं. ठाकुरवाडी मागे पडते, पळसदरीचं पाणी चमकून जातं आणि कर्जतच्या अलीकडे, भात कापलेल्या शेतात चाकं अलगद टेकतात.

"आला," गंगाबाई म्हणायची आणि पुढचा वाल उचलायची.

तो व्हिडिओ नव्हता. तो खेळ चित्र साठवत नाही, हात साठवतो. दांडा कधी किती वळवला, पट्टीवर पाय कधी दाबला, एवढंच. लावलं की विमान नव्यानं उडतं, हात तेवढे जुने. म्हणजे रोज तिन्हीसांजेला त्या घरात प्रबुद्धचे हात घटकाभर हलायचे. हे गंगाबाईला ठाऊक होतं. म्हणून तर ती बघायची.

प्रबुद्धला मात्र ते उड्डाण खोटं वाटायचं. "आई, इंजिन बंद पडलं की समोरचा वारा नाकावरच्या पंख्याला फिरवतो. मेलेलं इंजिन फिरवायला जोर लागतो, आणि तो जातो विमानाच्या वेगातून. खेळात ती ड्रॅगच नीट धरलेली नाय. विमान सावरीच्या कापसासारखं तरंगतंय नुसतं."

"डराग म्हंजे काय रं?"

"ओढ."

एका शब्दात सांगून तो मोकळा झाला आणि गंगाबाईनं तो शब्द पदराला बांधला. तिला ओढ ठाऊक होती ती माहेराची, तान्ह्याची, सांजेला गोठ्याकडे वळलेल्या वासराची. तो गेल्यावर तिनं ओवीच केली होती, वाल सोलता सोलता गुणगुणायची:

इंजन बंद पडं, माझा बाळ गं आभाळात
ओढ लागली घराची, आला उतरत शेतात

स्नेहलनं ती कधी दुरुस्त केली नाही.

एका रविवारी नवनाथ पेन ड्राइव्ह घेऊन आला. चहा येईतो त्याला दम नव्हता. "मावशी, तुमच्या पोरानं आमच्या अख्ख्या ग्रुपचं डोकं खाल्लं होतं. पंखेवाला म्हणायचो आम्ही त्याला."

"भांडायचा व्हय रं?" गंगाबाईचा चेहरा उजळला.

"भांडायचा? जेवू द्यायचा नाही! पण त्याचं गणित शेवटी सगळ्यांनी मानलं. आता खेळ बनवणाऱ्यांनी खेळाच्या नव्या आवृत्तीत त्याचीच ओढ घातलीय. नाव पण टाकलंय त्याचं."

गंगाबाईचे हात थांबले. "ओढ घातली? मंग आता तर बिगीनं येईल माझा बाळ! घाल गं स्नेहल, आजच घाल."

नवनाथनं स्नेहलकडे बघितलं. स्नेहल कप उचलून मोरीकडे गेली.

निघताना अंगणात तो हळूच म्हणाला, "ताई, हात त्याचे जुनेच चालणार आणि विमानाला मागून ओढ लागणार. शेतापर्यंत पोचणार नाही ते."

"माहितीय मला."

"मग जुन्याचा व्हिडिओ करून देतो. मावशीला तोच लाव. त्यांना कुठं कळतंय?"

दुसऱ्या संध्याकाळी स्नेहलनं तो लावला. विमान घाट उतरलं, शेतात टेकलं. पण गंगाबाईनं पुढचा वाल उचलला नाही. मग ताट बाजूला सारून म्हणाली, "ह्यात त्याचं काय घातलंय? हे तर कालचंच हाय. मला येडी समजतीस व्हय गं?"

स्नेहलची मान खाली गेली. तिनं नवा खेळ घातला आणि त्यात भावाचं उड्डाण लावलं.

खंडाळ्यावर गोळी लागली. इंजिन गप्प झालं, पंखा मात्र गरगरत राहिला. विमानाचं नाक जड झालं. ठाकुरवाडीचा रूळ एवढ्या जवळून गेला की खडी दिसली. पळसदरीचं पाणी दिसलंच नाही. झाडं आली, आणि पडदा थिजला.

"ओढ कमी पडली काय गं?"

हो म्हणावं, असं स्नेहलच्या ओठांवर आलं होतं. "नाही आई. ही ओढ मागं खेचते. घराकडं नाही."

"मागं?"

"वारा पंखा फिरवतो आणि पंखा विमानाला धरून ठेवतो. ओढ जेवढी जास्त, तेवढं ते अलीकडं पडतं."

"आन येवढे दिस येत व्हता तो?"

"ओढ नव्हती म्हणून येत होता, आई."

गंगाबाईनं पायाशी पडलेली सालं गोळा केली. 

"त्याला ठावं व्हतं हे?"

"त्यालाच तर ठाऊक होतं."

"तरी बी घालायला लावली." ताट पुन्हा जवळ ओढत ती म्हणाली, "पुन्यांदा लाव."

स्नेहलनं लावलं. इंजिन गप्प झालं तशी ती पुढे सरकली. एका खटक्यानं पंख्याची पाती वळवता येतात. ती वाऱ्याला कड दाखवतात, ओढ हलकी होते. प्रबुद्धनंच तिला शिकवलं होतं ते. पण हे उड्डाण केलं तेव्हा खेळात ओढच नव्हती, तर त्यानं तो खटका कशाला हलवावा? आणि खेळात एक कळ आहे. ती दाबली की साठवलेले हात सुटतात, विमान आपल्या हाती येतं. स्नेहलनं त्या कळीवर बोट ठेवलं.

"काय करतीस?"

"मी आणते त्याला. शेतापर्यंत येईल."

"आन त्याचा हात?"

"तो... सुटेल."

गंगाबाईनं तिचं मनगट धरलं. बोटं ओली होती, वालाच्या वासाची. "मंग नगं. पडू दे पडतंय तितं. हात त्याचा ऱ्हाऊ दे."

स्नेहलनं बोट उचललं. ठाकुरवाडीच्या खाली झाडं वर येऊ लागली. पडद्यावरचा दांडा जरासा डावीकडे झुकला आणि पुन्हा सरळ झाला. शेत अजून कितीतरी लांब होतं, तरी ते हात शेतासाठीच वळत होते.

"हितं पाय दाबला बग त्यानं," गंगाबाई हळूच म्हणाली आणि लेकीचं मनगट न सोडता शेवटपर्यंत बघत राहिली.